आधी बंद करायची सोय, मग सेल्फ: वारशात आलेल्या मॅसी १०३५ चे प्रकरण

ऊसपट्ट्यातले एक घर. वडिलांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिलेला मॅसी फर्ग्युसन १०३५, ऐंशीच्या दशकातले मॉडेल. पाच वर्षे जागचा हललेला नाही. पुढची दोन्ही चाके बसलेली, सीटचा फोम उंदरांनी कुरतडलेला, बॅटरी कधीच काढून विकलेली. मुलगा पुण्याला नोकरीत, शेती चुलते बघतात. दिवाळीला मुलगा गावी आल्यावर ट्रॅक्टर चालू करायचे ठरते आणि चुलते म्हणतात, "अरे, पाच लिटर डिझेल टाक, शेजारच्याची बॅटरी आण. मॅसी आहे, एका सेल्फात लागंल."

हे प्रकरण अशा अनेक शेडांत दिसणाऱ्या स्थितीवरून बांधले आहे. यंत्राचा तपशील मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

चुलत्यांचे म्हणणे इंजिनापुरते बरोबर आहे. टॅफे कंपनी १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिचा १०३५ हा ब्रिटिश एमएफ ३५ च्या वंशातला. त्यातले तीन सिलिंडरचे इंजिन मूळ ब्रिटनच्या पर्किन्स कंपनीच्या रचनेचे आणि भारतात सिम्पसन कंपनीने बनवलेले. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे हे इंजिन आपल्याकडच्या हवेत हिवाळ्यातही फारसा त्रास देत नाही. आत पाणी गेले नसेल आणि रिंगा चिकटल्या नसतील तर पाच वर्षांनीही ते लागते.

धोका नेमका इथेच आहे. इंजिन लागते, पण तेवढ्या काळात स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल गंजून जाम होते, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि ब्रेकच्या लायनरवर तेल उतरते. लागलेला ट्रॅक्टर मग थांबत नाही, किंवा क्लच दाबलेला असतानाच पुढे झेपावतो. म्हणून कामाचा क्रम उलटा लावायचा: थांबवण्याची साधने आधी, चालू करण्याची नंतर.

शेडमधला पहिला दिवस

पाने-पक्कड काढण्याआधी काठी घ्यावी. सीटखाली, बॅटरीच्या खोक्यात, बॉनेटच्या आत साप असू शकतो. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत गांधीलमाशा घर करतात. उंदीर रेडिएटरच्या जाळीमागे पाचट भरून ठेवतात आणि वायरिंगची वेष्टणे खातात. उघडी पडलेली तार बॉडीला टेकली आणि त्यात बॅटरी जोडली, तर आग लागायला दुसरे काही लागत नाही. या ट्रॅक्टरवर हॉर्न आणि दिव्यांची सगळी वायरिंग कापून टाकली. सेल्फ, चार्जिंग आणि किल्लीची वायर तेवढी नवी ओढली. बॅटरीच्या अर्थवर हाताने सोडता येईल असा कट-ऑफ स्विच बसवला.

बॅटरी १२ व्होल्टची. जोडण्याआधी जुनी केबल बॉडीला कुठल्या टोकाने गेली आहे ते बघायचे. डायनॅमोच्या काळातल्या काही ट्रॅक्टरांत प्लसचे टोक बॉडीला असते आणि उलटी जोडणी केली की चार्जिंगची यंत्रणा जळते.

टायर बसके असताना ट्रॅक्टर ओढू नये, रिमखाली टायर चिरतो. मागचे १२.४-२८ आणि पुढचे ६.००-१६ या मापाचे. बाजूच्या भिंतीवरच्या भेगांतून आतला धागा दिसू लागला असेल तर ते टायर फक्त शेडच्या बाहेर येण्यापुरते. हवा भरताना टायरच्या बाजूला तोंड करून बसायचे नाही. लांब नळीने, टायरच्या पुढे किंवा मागे उभे राहून भरायची. मागच्या टायरांत पूर्वी वजनासाठी पाणी भरलेले असते, म्हणून व्हॉल्व्ह वर घेऊनच दाब तपासायचा.

क्लच

या ट्रॅक्टरवरची सगळ्यात फसवी गोष्ट क्लच आहे, कारण पॅडल नेहमीसारखे दबते. आतले फिंगर हलतात, प्रेशर प्लेटही मागे सरते. पण लायनर गंजाने फ्लायव्हीलला धरून बसलेला असतो. अशा ट्रॅक्टरवर क्लच दाबून गिअर टाकून सेल्फ मारला, तर सेल्फच ट्रॅक्टर पुढे ढकलतो आणि इंजिन लागले तर मग काहीच हातात राहत नाही.

याची तपासणी इंजिन न लावता होते. बॅटरी सुटी ठेवायची. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला पुढून-मागून ठोकळे लावायचे. मागचे दुसरे चाक जॅकवर उचलून अॅक्सलखाली मजबूत घोडी द्यायची. एकट्या जॅकवर भरवसा नको. हाय-लोचा, म्हणजे वेगवान आणि संथ गिअर निवडायचा लिव्हर हायला, गिअर तिसऱ्यात. आता एकाने क्लच पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने उचललेले चाक हाताने फिरवायचे. चाक सैल फिरले आणि पंखा हलला नाही, तर क्लच सुटतो आहे. चाक अडते, किंवा चाकाबरोबर पंखाही हलतो, म्हणजे प्लेट चिकटली आहे. लो गिअरमध्ये ही तपासणी करू नये. गिअरचे प्रमाण इतके मोठे असते की क्लच ठीक असला तरी चाक हाताने हलत नाही आणि अंदाज चुकतो.

इथे प्लेट चिकटलेली निघाली. उपाय साधा पण सावकाशीचा: पॅडल पूर्ण दाबून, पॅडल आणि सीटच्या लोखंडी बुडामध्ये लाकडाचा आडणा घट्ट बसवून ठेवायचा. दोन-चार दिवसांत, दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने पुष्कळदा प्लेट आपोआप सुटते. रोज एकदा चाक फिरवून बघायचे. एवढ्यानेही सुटली नाही तर, पुढे दिलेली स्टॉपची परीक्षा झाल्यावरच, इंजिन न्यूट्रलमध्ये वीस-पंचवीस मिनिटे चालवून घर गरम करायचे, बंद करायचे आणि पुन्हा आडणा लावायचा. शेवटचा मार्ग ट्रॅक्टर मधून फोडून प्लेट काढण्याचा. गावात सर्रास सांगितला जाणारा मार्ग, म्हणजे गिअर टाकून चालू करायचा आणि झाडाला किंवा बांधाला धडकवून प्लेट सोडवायची, हा कुणी सुचवला तर ऐकू नये.

या ट्रॅक्टरची प्लेट आडण्यावरच सुटली. नंतर पॅडलची मोकळी चाल अर्धा ते पाऊण इंच ठेवली.

ब्रेक

ब्रेक मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये, डावा-उजवा वेगळा, पॅडल दोन्ही उजव्या पायाशी आणि त्यांना एकत्र बांधणारी पट्टी. शेतात बांधावर वळताना एकच ब्रेक मारतात म्हणून पट्टी सोडलेली असते आणि तशीच राहते. रस्त्यावर वेगात एकच पॅडल दाबले गेले की ट्रॅक्टर त्या बाजूला गरकन फिरतो आणि उलटतो. पट्टी शाबूत आहे का, अडकते का, हे आधी पाहायचे. इथे ती हरवलेली होती. तिच्या जागी तार गुंडाळली होती. नवी पट्टी घेतली.

ड्रम खोलल्यावर डाव्या बाजूचे लायनर काळे आणि ओले निघाले. अॅक्सलचे ऑइल सील गेले की मागच्या घरातले तेल ड्रममध्ये येते. असे लायनर पेट्रोलने धुऊन वापरायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. लायनरने आत तेल पिलेले असते, गरम झाल्यावर ते पुन्हा वर येते. सील बदलायचे आणि लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे नाही, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके फेकून द्यायचे.

सेटिंग चाक उचलून: चाक पुरते अडेपर्यंत अॅडजस्टर फिरवायचा, मग सैल करत चाक मोकळे फिरेल तिथे थांबायचे. दोन्ही पॅडल एकाच उंचीवर धरली पाहिजेत.

स्टिअरिंगकडे लोक पाहत नाहीत, कारण उभ्या ट्रॅक्टरवर ते जड लागते आणि जड म्हणजे घट्ट असे वाटते. चाक समोर सरळ ठेवून स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून ओढदांड्यांचे बॉल जॉइंट बघायचे. या ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना स्वतंत्र दांडा आहे. एका बाजूचा जॉइंट निखळला तर त्या बाजूचे चाक मोकळे पडते.

तेल, पाणी, डिझेल

इंजिनच्या चेंबरचा, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीचा नट पूर्ण काढायच्या आधी नुसता सैल करायचा. पाच वर्षे स्थिर राहिलेल्या तेलाखाली पाणी साचले असेल तर ते आधी बाहेर येते. चमचाभर पाणी दमट हवेचे असू शकते. पेलाभर पाणी आले तर हेड गॅस्केट किंवा सिलिंडरच्या लायनरची शंका धरून पुढचे काम थांबवावे. इथे थेंबभरच आले. तेल बदलले, फिल्टर बदलला. चेंबरमध्ये सहा-सात लिटर बसते. शेवटचा शब्द डिपस्टिकचा, आणि वरच्या खुणेच्या पुढे एक थेंबही नाही.

एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा. वाटीत चिखल झालेला असतो. तो खरवडून, वाटी धुऊन, खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल घालायचे. "जास्त घातलं तर जास्त गाळेल" हा समज घातक आहे. खुणेच्या वर भरलेले तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते, इंधनासारखे जळते आणि इंजिन सुसाट सुटते. त्या वेळी स्टॉप ओढूनही उपयोग नसतो, कारण इंजिन डिझेलवर चाललेलेच नसते.

डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडले आणि रात्रभर ठेवले. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले. अडले तर जोर लावायचा नाही, पुन्हा तेल सोडून एक दिवस थांबायचे. व्हॉल्व्हचे झाकण काढले तर गॅप थंड इंजिनावर ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. नोझल परत बसवताना तांब्याचे वायसर नवे. जुने राहिले तर कॉम्प्रेशन बाजूने फुंकते आणि नोझल जळतो.

टाकीतले जुने डिझेल खालच्या नटाने पूर्ण काढले. तळाला पाणी आणि काळपट बुळबुळीत गाळ होता. टाकी दोनदा धुतली, फिल्टर दोन्ही बदलले, टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी बदलली. नळी वरून धड दिसते, पण आतून तिचे तुकडे सुटत असतात आणि मग हवा कुठून शिरते ते दिवसभर सापडत नाही.

एअर काढणे

सिस्टीम रिकामी झालेली असल्याने हवा पूर्ण काढावीच लागते. क्रम टाकीकडून नोझलकडे. टाकीची चावी उघडायची. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळायचा. मग डिझेल पंपाच्या बाजूचा, हायड्रॉलिक हेडचा एअर स्क्रू, तसेच. मग पंपाच्या वरच्या झाकणावरचा, वेग राखणाऱ्या गव्हर्नरचा. लिव्हर मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर फीड पंप खराब आहे असे लगेच समजू नये. कॅमचा उंचवटा पंपाच्या दांड्याखाली आलेला असतो. पुलीने इंजिन एक फेरा फिरवले की लिव्हर काम करू लागतो. या एका गोष्टीसाठी कितीतरी चांगले फीड पंप फेकले जातात.

शेवटी नोझलकडच्या पाईपचे नट अर्धा-एक फेरा सैल करायचे, रेस पूर्ण, स्टॉप आत दाबलेला, हाय-लो लिव्हर मधोमध न्यूट्रलला, आणि सेल्फ. नटापाशी डिझेल बुडबुड्यांशिवाय यायला लागले की एअर निघाली. नट मात्र पुढे दिलेली स्टॉपची परीक्षा झाल्यावरच आवळायचे. चालू इंजिनावर नट सैल करून बोट लावून बघायची सवय सोडावी. नोझलचा फवारा दीडशे वातावरणाहून जास्त दाबाचा असतो, तो कातडी भेदून आत शिरतो. वरून फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही. तरी तासाभरात दवाखाना गाठायचा आणि डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना सांगायचे. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

स्टॉपची खरी परीक्षा

आता मुख्य काम. डिझेल इंजिन किल्लीने बंद होत नाही. डॅशबोर्डवरची स्टॉपची नॉब ओढली की केबलने डिझेल पंपावरचा छोटा लिव्हर फिरतो आणि डिझेल तुटते. केबल गंजलेली होती, ती पहिल्या दिवशीच बदलली. नॉब ओढल्यावर लिव्हर शेवटपर्यंत जातो आणि सोडल्यावर परत येतो, हे डोळ्यांनी पाहिले. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण लिव्हर बाहेर आहे आणि डिझेल तोडणारा भाग पंपाच्या आत. सीएव्ही या ब्रिटिश कंपनीच्या रचनेच्या या रोटरी पंपात एक छोटा मीटरिंग व्हॉल्व्ह असतो. रेस, गव्हर्नर आणि स्टॉप या तिघांचेही काम शेवटी त्याच्यातूनच होते. पंपात राहिलेले जुने डिझेल आटून त्याचा डिंकासारखा थर व्हॉल्व्हवर धरतो. व्हॉल्व्ह उघडा असताना अडकला असेल, तर इंजिन लागताच रेस आपोआप चढत जाते. रेसचा लिव्हर कमी करून काही होत नाही, स्टॉप ओढून काही होत नाही.

म्हणून ही परीक्षा: तिन्ही नोझलचे पाईप-नट सैलच ठेवून, स्टॉप पूर्ण ओढून सेल्फ मारायचा. एक थेंबही डिझेल येता कामा नये. मग स्टॉप आत दाबून पुन्हा सेल्फ. आता डिझेल उसळत आले पाहिजे. पुन्हा स्टॉप ओढून, पुन्हा थेंब नाही. नट सैल असल्याने इंजिन लागू शकत नाही, त्यामुळे ही तपासणी निर्धास्तपणे करता येते.

इथे स्टॉप ओढलेला असतानाही तिन्ही नटांपाशी डिझेल येत राहिले. चुलत्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी सेल्फ मारला असता तर हे इंजिन शेडमध्येच सुसाट सुटले असते. पंप फ्लँजवरची खूण जुळवून ठेवून काढला आणि पंप-नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानात दिला. नोझलही त्याच वेळी दिले. पंप घरी उघडू नये. त्याच्या आतली मापे उघड्यावर, धुळीत राखता येत नाहीत. पंप परत आल्यावर एअर पुन्हा काढली, परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी थेंब आला नाही.

पहिला सेल्फ

ट्रॅक्टर आधी दुसऱ्या ट्रॅक्टरने, लोखंडी दांड्याने ओढून शेडबाहेर काढला. तोंड मोकळ्या रानाकडे. समोर घर, गोठा, माणूस, जनावर काही नाही. बंद शेडमध्ये धूर कोंडतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखू येत नाही.

पंप दुरुस्त झाला तरी दुसरी तयारी ठेवली. मॅनिफोल्डकडे जाणारा एअर क्लीनरचा रबरी पाईप पहिल्या मिनिटापुरता काढून ठेवला आणि त्या तोंडावर पुरती बसेल अशी सपाट लोखंडी पट्टी घेऊन एक माणूस बाजूला उभा राहिला, चाकाच्या पुढे किंवा मागे नाही. इंजिन सुटलेच तर तोंड पट्टीने बंद करायचे. हवा तुटली की डिझेलवर असो की ऑइलवर, इंजिन गुदमरून थांबते. हाताने किंवा फडक्याने बंद करू नये, ते आत ओढले जाते. टाकीची चावी बंद करण्यावर भिस्त नको, फिल्टर आणि पाईपमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन बराच वेळ चालते.

चालवणारा सीटवरच बसतो. हाय-लो लिव्हर मधोमध न्यूट्रलला असतानाच सेल्फला करंट मिळावा अशी सुरक्षेची सोय या ट्रॅक्टरवर मुळात आहे. बऱ्याच ठिकाणी ती वायर मिस्त्रीने "कटकट नको" म्हणून जोडून टाकलेली असते. इथेही होती. ती पूर्ववत केली. खाली उभे राहून पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने सेल्फची दोन टोके जोडून डायरेक्ट करायची रीत जीवघेणी आहे. माणूस मोठ्या चाकाच्या अगदी पुढे उभा असतो, गिअर चुकून पडलेला असतो, आणि डिझेल इंजिन पहिल्या अर्ध्या फेऱ्यात लागते. मागे सरायला वेळ मिळत नाही.

पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरण्याचा प्रकारही नाही. पेट्रोल वेळेआधी पेटते, पिस्टन आणि रिंगांना मार बसतो, आणि मॅनिफोल्डमधला हीटर चालू असेल तर बोळा हातातच पेट घेतो.

क्रम असा झाला. दोन्ही गिअर लिव्हर न्यूट्रल, पीटीओ (मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणारा शाफ्ट) न्यूट्रल, ब्रेकची पॅडले एकत्र दाबून अडकवलेली, मागच्या चाकांना ठोकळे. आधी स्टॉप ओढून सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबत, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग स्टॉप आत, रेस एक तृतीयांश, सेल्फ. इंजिन लागले. काटा पाच-दहा सेकंदांत वर आला नाही तर लगेच बंद करायचे असते. आला. आल्याबरोबर, इंजिन गरम व्हायची वाट न बघता, स्टॉप ओढून बंद केले. पहिल्यांदा चालू करण्याचा हेतू एवढाच. दुसऱ्यांदा एअर क्लीनरचा पाईप जोडून दहा मिनिटे मध्यम रेसवर ठेवले. सुरुवातीचा पांढरा धूर थंड इंजिनाचा, तो विरला. निळा राहिला असता तर ऑइल जळत होते. गरम झाल्यावर कामाच्या रेसला प्रेशर ३० ते ६० पौंडांच्या दरम्यान असावे.

चालवून पाहणे

पहिली चाल सपाट रानात, लो गिअरमध्ये, मागे काही न जोडता. क्लच सोडल्यावर वीस पावले आणि ब्रेक. मग थोडा वेग, पुन्हा ब्रेक. मागच्या दोन्ही चाकांच्या खुणा मातीत सारख्या उठल्या पाहिजेत. एका चाकाची खूण लांब असेल तर दुसरा ब्रेक कमी धरतो आहे. खुणा सारख्या उठेपर्यंत ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर न्यायचा नाही.

मडगार्डवर कुणी बसायचे नाही. हा नियम घरात सगळ्यात अवघड जातो, कारण आजोबा नातवाला तिथेच बसवून रानात नेत आले. या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नाही आणि मडगार्डवरचा माणूस पडतो तो सरळ मागच्या चाकासमोर.

लिफ्टबद्दल नव्या ट्रॅक्टरची सवय असलेल्याला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. फर्ग्युसनच्या या रचनेत लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओ न्यूट्रलला असेल तर लिफ्ट उचलत नाही आणि लोक पंप गेला समजतात. उलट बाजूने, नांगर उचलायला पीटीओ लावला की मागचा सहा दात्यांचा शाफ्टही फिरत असतो, त्याला काही जोडलेले नसले तरी. त्यावरची टोपी हरवलेली होती. नवी बसवल्याशिवाय लिफ्ट वापरली नाही. धोतराचा सोगा, ओढणी, सदऱ्याची बाही फिरत्या शाफ्टला लागली की सोडवायला वेळ नसतो. उचललेल्या अवजाराखाली हात घालून काम करायचे असेल तर अवजाराला घोडी द्यायची. लिफ्ट कितीही चांगली असली तरी ती जॅक नाही.

एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पीटीओ आणि लिफ्ट दोन्ही थांबतात. त्यामुळे रोटाव्हेटर किंवा गवत कापणाऱ्या यंत्राचा फिरता भार उलट बाजूने गिअरला फिरवतो आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर हातभर पुढे जातो. शाफ्टवर एका बाजूनेच फिरणारा कपलिंग बसवला की हे थांबते.

ओढायचे ते फक्त खालच्या ड्रॉबारला. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला साखळी वरच्या टॉपलिंकच्या पिनला किंवा अॅक्सलला अडकवली, तर ओढ चाकाच्या मध्यातून किंवा त्याच्या वरून लागते, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे पालथा होतो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत तो उभा झालेला असतो. उतारावर न्यूट्रल करून सोडायचा नाही. उतरायच्या आधीच, सपाटीवर, चढताना लागेल तो गिअर टाकायचा.

कागदपत्रांचे थोडक्यात. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. इथे मुदत केव्हाच टळली होती, तरी मार्ग तोच. १५ वर्षांची नोंदणी संपलेली असल्याने नूतनीकरणही लागले. विमा नसताना रस्त्यावर आणलेला ट्रॅक्टर अपघातात घर धुऊन नेतो, म्हणून ते होईपर्यंत तो रानातच फिरला.

पहिल्या दहा तासांनंतर इंजिन ऑइल पुन्हा बदलले, कारण नव्या तेलाने आतला जुना गाळ सोडवलेला असतो. मागच्या घरातले, लिफ्ट आणि गिअरचे सामाईक तेल तीस लिटरच्या आसपास आहे. ते दुधाळ झाले होते, म्हणजे पाणी होते. तेही काढून नवे भरले. पुढच्या हंगामासाठी चुलते-पुतण्यांनी कामे वाटून घेतली: सारे पाडणे, कुळवणी, फवारणीचा टँकर आणि घरचा चारा या ट्रॅक्टरकडे. कारखान्याला ऊस नेणाऱ्या दोन भरलेल्या ट्रॉल्या भाड्याच्या ट्रॅक्टरकडे, कारण ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि ते सगळे वजन ३५ अश्वशक्तीच्या जुन्या मॅसीच्या दोन ड्रमवर येते.